नकाशावरचा लाल ठिपका

मला फुगेवाल्यांची किळस येते, हे आधी सांगून टाकतो म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. गेली चार वर्षं मी त्यांच्यातच आहे. त्यांचं जॅकेट घालतो, त्यांच्या जीपमध्ये बसतो आणि त्यांच्याच पैशांचा चहा पितो. तेव्हा ही किळस कुणापासून सुरू होते आणि कुणापर्यंत येते, ते वाचणाऱ्यानं बघावं.

हे फुगेवाले जत्रेतले नव्हेत. सात-आठ मजल्यांएवढा गरम हवेचा फुगा, त्याखाली वेताची टोपली, टोपलीत पायलट आणि पाच-सहा गिऱ्हाइकं. थंडीच्या दिवसांत दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांवरून उजाडता उजाडता हा फुगा सोडतात. तो जिकडे वारा नेईल तिकडे जातो. खाली रस्त्यानं जीपमधून आमची पलटण त्याचा पाठलाग करते, तो उतरला की त्याचं कापड गुंडाळते आणि सगळ्यांना परत आणते. एवढंच काम आहे. पण ते करणाऱ्यांचा तोरा असा, की चंद्रावर जाऊन आले असावेत.

मी यांच्यात आलो तो वाऱ्यामुळे. मी तोफखान्यात होतो आणि शेवटची पोस्टिंग देवळालीला होती. तोफेचा गोळा वाऱ्यानं किती सरकेल हे काढायला लहान फुगे आकाशात सोडून वारा मोजतात, ते आमचं काम. पंचवीस वर्षं मी मान वर करून नोकरी केली. वर दिसणारी वस्तू किती फुटांवर आहे हे मी नुसत्या डोळ्यांनी सांगतो, आणि फार चुकत नाही. निवृत्त झाल्यावर नाशिकरोडच्या घरात मला करमेना. पहाटे गच्चीवर जाऊन एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीचा धूर कुठे झुकतोय ते बघत बसायचो. बायको म्हणायची, "तोफ गेली, पण तुमची मान काही खाली आली नाही." तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीनं या लोकांनी विचारलं आणि मी दुसऱ्या दिवशी हजर झालो. पहाटे एक छोटा काळा फुगा सोडायचा, कोणत्या उंचीवर वारा कुठे वाहतोय ते पायलटला सांगायचं, ते माझ्या तक्त्यात लिहायचं आणि मग जीपमध्ये बसून मोठ्या फुग्याची उंचीही त्यात टिपायची. मला खरंच आवडलं. माणसं पाहिली ती नंतर.

पायलट तिघे होते, पण आमचा मुख्य एकच. पस्तिशीचा, परदेशात शिकून आलेला, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. मला तो काका म्हणायचा. गोड बोलणं असं की मुंगी लागावी. त्यांच्यात एक रीत आहे. पहिल्यांदा उडालेल्या माणसाला खाली उतरल्यावर गुडघ्यांवर बसवायचं, कपाळाला त्याच शेतातली माती लावायची, वारा-अग्नी असलं काहीतरी बडबडायचं आणि हातात वाइनचा ग्लास द्यायचा. सकाळी साडेआठला, चूळही न भरलेल्या माणसांना वाइन. आणि ती माणसं डोळे मिटून पितात, कारण फोटो चालू असतो. माती लावलेल्या कपाळानं एखादी बाई पुढे दिवसभर हिंडते, पुसतसुद्धा नाही.

दुसरी रीत पेढ्यांची. वारा नेईल तिथे फुगा जातो, म्हणजे उतरतो तो कुणाच्या तरी शेतात. आमची जीप त्याच्या गव्हातून, हरभऱ्यातून आत शिरते. मालक धावत येतो, आणि तो तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा ठेवायचा. फुग्यासोबत त्याचा एक फोटो काढायचा. कॅप्टन म्हणायचा, तोंडात पेढा असला की माणसाला शिवी देता येत नाही. हे पेढे द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी मिशीवाला, वयस्क आणि फौजी, त्यामुळे माझ्या हातून दिलेले पेढे लोक निमूट घेत.

तिसरं काम लाल ठिपक्यांचं, आणि ते मात्र मी मनापासून करायचो. दर वर्षी दिवाळीच्या आधी मोटरसायकल काढायची, सगळा परिसर फिरायचा आणि कुठे गोठा आहे, कुठे कोंबड्यांची शेड आहे ते पायलटच्या नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवायचं. फुग्याचा बर्नर पेटतो तेव्हा भट्टीचं तोंड उघडल्यासारखा मोठा आवाज होतो. जनावरं दावी तोडतात. म्हणून लाल ठिपक्यावरून उंच जायचं हा नियम. अगदीच जवळून जायची वेळ आली तर एक वेगळा बर्नर असतो, त्याची ज्योत मऊ आणि आवाज कमी. आम्ही त्याला गाईचा बर्नर म्हणायचो. फक्त त्याच्यानं फुगा सावकाश चढतो, त्यामुळे तो आधीपासून लावावा लागतो. आधीपासून विचार करणं हे त्याच्यातलं अवघड काम.

पहिल्याच वर्षी असा ठिपका द्यायला मी एका वस्तीवर गेलो होतो. कोंबड्यांच्या दोन लांब शेड आणि बाजूला घर. नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात शिफ्टला, शेड बघायची ती बायकोच. सोबत म्हातारी सासू. सुनेनं मला चहा दिला आणि नीट समजावून सांगितलं.

"मेजर, एवढं करा, वरनं नका येऊ," ती म्हणाली. गावाकडे शिपाईसुद्धा मेजरच असतो, मी तर हवालदार होतो. "ह्यांना वरनं काय बी आलं की घारच वाटती. सगळ्या एका कोपऱ्यात पळत्यात आन एकमेकींच्या अंगावर चढत्यात. खालच्या गुदमरून मरत्यात, आन वरच्यांना पत्ता बी नसतो."

मी म्हणालो, नाही येणार, माझा शब्द. आणि शब्दावर वजन यावं म्हणून थोडी फुशारकीही मारली. वर एक घार फिरत होती, ती किती फुटांवर आहे ते सांगितलं. पंचवीस वर्षं हेच केलं, माझ्या नजरेतून वरचं काही सुटत नाही, असंही सांगितलं. ती हसली आणि सासूला म्हणाली, बघा, आता मेजर राखण करतील.

तिचा धंदा करारावरचा होता. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, वाढवायचं हिनं. कंपनीचा सुपरवायझर दर आठवड्याला येऊन मरतूक किती आणि कशानं, ते लिहून न्यायचा. त्या 'कशानं'च्या रकान्यावर सगळं होतं. रोगानं, उष्म्यानं, बाहेरच्या कारणानं मेल्या तर एक वेळ चालतं. पाळणाऱ्याच्या हलगर्जीनं मेल्या असं दोनदा लिहिलं गेलं की पिल्लं बंद. माझ्या पहिल्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात वीज गेली होती, पंखे बंद पडले होते, तेव्हा एकदा तसं लिहून झालेलं होतं. हे तिनं मला दुसऱ्या वर्षीच्या चहाला सांगितलं, तक्रार म्हणून नाही, असंच.

तीन हंगाम मी शब्द पाळला. ते घडलं मागच्या जानेवारीत.

त्या दिवशी टोपलीत लग्न ठरलेलं एक जोडपं होतं. त्यांचा फोटोग्राफर माझ्याशेजारी जीपमध्ये, हातात कोपराएवढी लेन्स. त्याला बागेच्या ओळी, मागे कोवळा सूर्य आणि मध्ये फुगा, असा एकच फोटो हवा होता. फुगा बागेवरून सरकत होता आणि मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "कॅप्टन, पुढे लाल ठिपका आहे. वर घ्या."

"दिसतंय, काका," तो म्हणाला.

फोटोग्राफरनं हात पुढे केला आणि मी वॉकीटॉकी त्याला दिला. का दिला हे मला आजही सांगता येत नाही. त्यानं मागितला, मी दिला. तो म्हणाला, सर, अजून थोडं खाली, अजून थोडं, बस, मस्त. फुगा शेडच्या समोर आला तेव्हा ऐंशी फुटांवर होता. माझी चूक झाली असली तर पाच फुटांची. शेडच्या पलीकडे विहिरीवरच्या मोटारीला गेलेल्या विजेच्या तारा होत्या. त्या कॅप्टनला तेव्हा दिसल्या. गाईच्या बर्नरची वेळ निघून गेली होती. त्यानं मोठे बर्नर दोन्ही एकदम उघडले आणि उघडेच ठेवले.

फुगा तारांवरून गेला. टोपलीतली मुलगी ओरडली, मग हसली. आम्ही रस्त्यावर शेडपासून पन्नास पावलांवर होतो. थंडीमुळे शेडच्या जाळ्यांना पडदे सोडलेले होते. आत पाऊस पडावा तसा आवाज झाला आणि अलीकडच्या शेडचा कोपऱ्यातला पडदा बाहेर फुगायला लागला. हळूहळू, आतून कुणी पोती रचत असावं तसा. मला ते काय आहे ते कळलं. पन्नास पावलं होती.

आमच्या धंद्यात एक नियम पाठ करून घेतात, की काहीही झालं तरी फुग्यावरून नजर काढायची नाही. झाडाआड गेला, धुक्यात गेला की संपलं, माणसं कुठे उतरली ते कळत नाही. मी मान वर केली आणि ड्रायव्हरला म्हणालो, चल.

दीडेक किलोमीटरवर फुगा उतरला. मी कॅप्टनला म्हणालो, मागे जायला हवं, शेडमध्ये ढीग झालाय. तो म्हणाला, "आधी कापड, काका. दव आहे, भिजलं तर कुजतं." कापडातली हवा काढायला त्यावर आडवं पडून, लोळत पुढे सरकावं लागतं, आणि त्याला चार माणसं लागतात. मी लोळलो. गुडघे आणि कोपरं दाबत मी ते सगळं लांबलचक कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिळून काढलं. मग माती झाली, वाइन झाली, जोडप्याचा फोटो झाला. शेतमालकाला पेढे दिले, तेही मीच. मग जीप मोकळी झाली. तासाच्या वर गेला होता.

शेडमध्ये शिरलो तेव्हा पहिल्यांदा वाफ लागली. थंडीच्या सकाळी तो कोपरा गरम होता. कमरेएवढा पांढरा ढीग. वरच्या काही अजून जिवंत होत्या, माना वर करून इकडेतिकडे बघत होत्या. खालच्या चपट्या झालेल्या, चोची उघड्या, पिसं घामेजल्यासारखी ओली. त्यांची विष्ठा, तुसाची धूळ आणि एक आंबूस गोड वास. मला ओकारी आली. मी पडद्याशी जाऊन ओकलो आणि परत आलो.

ती बाई ढिगातून ओढून जिवंत एकीकडे, मेलेल्या दुसरीकडे टाकत होती. मीही वाकलो. थोड्या वेळानं ती हात न थांबवता बोलली. आवाज झाला तेव्हा ती दुसऱ्या शेडमध्ये होती. लगेच कोपऱ्यात जाऊन हात पसरून उभी राहिली, ओरडत, पाय आपटत, आणि तिथला ढीग होऊ दिला नाही. ती शेड वाचली. ही शेड वाचवायला कोपऱ्यात आणखी एक माणूस उभा राहिला असता तरी पुरे होतं, ती म्हणाली. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, सासूला धावता येत नाही.

मी रस्त्यावर होतो हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

"तुमचाच व्हता ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. "मंग उद्या कंपनीचा साहेब येणार हाय, त्याला तेवढं सांगा. मला भरपाई नको, काय नको. फुगा इतका खाली व्हता एवढं सांगा. तुमचं ऐकंल तो."

तिथून आमच्या तळावर आलो तर मंडळी मिसळ खात होती. कॅप्टन, बाकीचे दोघे पायलट आणि पोरं. माझ्या बाहीला पिसं चिकटलेली होती. मी सांगितलं तसे एकदोघे चुकचुकले. मग एक पायलट पाव तर्रीत बुडवत म्हणाला, "त्या तशाही कापायच्याच होत्या, काका." कुणीतरी विचारलं, मग उद्या बिर्याणी का. लोक हसले. हसताना त्यांच्या ओठांवरून लाल तेल ओघळत होतं आणि मला त्या सगळ्यांची इतकी शिसारी आली की मी समोरची ताटली दूर सारली. एवढंच केलं. ताटली सारली.

कॅप्टन हसला नाही. तो शहाणा आहे. त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, एक तक्रार लेखी गेली तर परवानगी जाईल. एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे देवळालीची तोफांची रेंज, एवढ्याशा आकाशाची परवानगी किती खेटे घालून मिळवलीय ते तुम्हाला माहीत आहे. फुगा तीनशे फुटांवर होता असं माझ्या लॉगमध्ये आहे. तुमच्या तक्त्यातही तसं लिहा. आणि उद्या जाऊन त्यांना पेढे देऊन या, तुमचं नीट जमतं.

मी तीनशे लिहिलं नाही. ऐंशीही लिहिलं नाही. रकाना कोरा ठेवला आणि दिवसभर स्वतःला सांगत राहिलो की मी खोटं लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ आणि पुडा घेऊन गेलो. सुपरवायझर ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला होता. बरा मुलगा होता, उगाच कुणाचं वाईट करणाऱ्यातला वाटला नाही. तो म्हणत होता, फुगे रोज जातात, मग कालच कसं झालं? पहाटे शेडमध्ये कुत्रं शिरलं असेल, दार नीट लागलं नसेल. ती बाई दाराशी उभी होती. मला बघून तिचा चेहरा सैल झाला.

"हे बघा, मेजर आले," ती म्हणाली. "ह्यांना विचारा. वरचं कितीबी लांब असू द्या, ह्यांना नजरेनं कळतं."

त्यानं विचारलं, काका, फुगा किती उंचीवर होता?

मला खरं बोलायला एक शब्द पुरे होता. ऐंशी. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तिचा कोपरा नव्हता. पहाटेचं माळरान होतं, हातातून सुटणारा काळा फुगा होता, आणि नाशिकरोडची ती गच्ची, जिथे पुन्हा जाऊन धुराकडे बघत बसायचं मला जिवावर आलं होतं. मला माझी सकाळ हवी होती. लाज वाटते लिहायला, पण कारण एवढंच होतं.

मी म्हणालो, "फुगा गेला खरा. पण किती उंच होता ते मला नक्की नाही सांगता येणार."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती खाली ओट्याकडे बघत राहिली. सुपरवायझरनं त्याच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

म्हातारीला यातलं काही ऐकू आलेलं नसावं. तिला आम्ही गावोगाव पेढे वाटणारे म्हणूनच माहीत. तिनं माझ्या हातातला पुडा घेतला, आत जाऊन देवापुढे ठेवला आणि बाहेर येऊन एकेक पेढा सगळ्यांच्या हातावर दिला. सुपरवायझरला, सुनेला आणि मला. सुनेनं तो मुठीत धरला. प्रसाद नाही म्हणायचा नसतो. मी खाल्ला. कालच्या वासासारखाच गोड लागला आणि टाळूला चिकटून बसला. जीपमध्ये बसेपर्यंत मी जिभेनं तो काढत होतो.

या वर्षी दिवाळीच्या आधी ठिपक्यांसाठी पुन्हा फिरलो. ती वस्ती शेवटी ठेवली, जमलं तर टाळावी म्हणून, पण गेलो. दोन्ही शेड रिकाम्या होत्या. पडदे गुंडाळून वर बांधलेले, खाद्याची भांडी एकात एक घालून कोपऱ्यात रचलेली. पिल्लं बंद झाली होती. दुसऱ्या दोन कंपन्यांनीही तिचं नाव ऐकून नाही सांगितलं होतं. आता ती एका द्राक्षांच्या पॅकिंगच्या शेडवर कामाला जाते. घरी होती म्हणून तिनं चहा दिला. माझ्याशी ती वाईट वागली नाही. मेजर मात्र म्हणाली नाही, नुसतं अहो म्हणाली.

निघताना मी नकाशाची घडी घालत होतो, ते तिनं बघितलं.

"तो ठिपका पुसा आता," ती म्हणाली. "आता कितीबी खालनं जा. काय नाय राहिलं हितं."

मी पुसला नाही. कॅप्टनला सांगितलं की तिथे अजून कोंबड्या आहेत, आधीपेक्षा जास्त आहेत. त्यानं लगेच मान डोलावली. मागच्या वर्षीच्या प्रकरणाचा त्यानं धडा घेतलाय, असं तो गिऱ्हाइकांनाही सांगतो. आम्ही जनावरांची किती काळजी घेतो हे सांगताना तो त्या शेडचंच उदाहरण देतो.

आता वारा तिकडे असला की सकाळी मी जीपमधून वॉकीटॉकीवर सांगतो, "कॅप्टन, पुढे लाल ठिपका आहे. वर घ्या." तो वेळेवर गाईचा बर्नर लावतो. फुगा सावकाश, आवाज न करता, पाचशे फुटांवरून त्या रिकाम्या शेडवरून निघून जातो. पाचशेच. मी तक्त्यात तसं लिहितो.